लग्नापुरती नोकरी

दसरा सरला की झेंडूला कुत्रं विचारत नाही. त्या वर्षी तर दसरा सरला आणि पावसानं मुक्कामच ठोकला. फुलं झाडावरच भिजली, पाकळ्यांच्या कडा काळ्या पडल्या. नाशकातल्या गणेशवाडीच्या फुलबाजारात व्यापारी कॅरेटमध्ये हात घालायचे, एक फूल उचलून नाकाशी न्यायचे आणि तोंड वाकडं करून पुढच्या माणसाकडं जायचे.

सुवर्णानं भारतला पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका सकाळी, बाजारामागच्या नाल्याच्या काठावर. अंगावर भिजलेला शर्ट, ढोपरापर्यंत चिखल आणि चेहरा असा, की कोणी हटकलं तर भांडायलाच उठेल. व्यापाऱ्यांनी नाकारलेली कॅरेटं त्यानं ओळीनं मांडली होती आणि पहिलं उचलून तो नाल्यात उपडं करणार, तेवढ्यात ती ओरडली.

"ओ भाऊ, थांबा की! टाकू राहिले का ते?"

"मंग काय पूजा करू त्यांची?"

"आम्हाला द्या. आम्हाला चालतात."

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. हातात रिकामी पाटी, पदर कमरेला खोचलेला. "हाराला धरणार नाय ही," तो म्हणाला. "सुई घातली की देठातून सुटतात."

"जवळजवळ ओवली की दुपारपर्यंत धरतात. आमच्या गिऱ्हाइकाला दुपारपर्यंतच लागतात."

"असं कोणतं गिऱ्हाईक?"

"मयताचे हार करतो आम्ही. अमरधामच्या वाटेवर बसतो."

भारतच्या हातातलं कॅरेट तसंच राहिलं. मग तो हसला. त्या दिवसांत त्याला हसू येईल असं त्याचं त्यालाही वाटलं नसेल. त्यानं सगळी कॅरेटं पुन्हा आपल्या छोट्या हत्ती टेम्पोत चढवली आणि तिला म्हणाला, "चला, दाखवा कुठं बसता."

सुवर्णाची आई रंगूबाई रस्त्याच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली बसायची. मखमलाबादच्या मळ्यात यांची पाऊण बिघा जमीन. बाप गोटीराम तिथं पालक, मेथी आणि थोडा झेंडू करायचा. मळ्यातल्या फुलांवर भागायचं नाही, म्हणून मायलेकी बाजारात राहिलेली फुलं गोळा करून हार ओवायच्या. धंदा तसा बरा. मयताचा हार घेताना कोणी घासाघीस करत नाही, कोणी फूल उलटून बघत नाही. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? सुवर्णाला दोन स्थळं सांगून आली आणि दोन्ही परत गेली. एका मुलाची मावशी तर तोंडावरच म्हणाली होती, "रोज मयताला शिवलेला हात, तो आमच्या देवघरात कसा चालंल?" सुवर्णा चोविशीची झाली होती आणि आपल्या हातांकडं बघायचंच तिनं सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशीही भारत आला. तिसऱ्या दिवशीही. पाऊस थांबला, ऊन पडलं, फुलं सुधारली, तरी त्याच्या गाडीत एक कॅरेट 'खराब' निघायचंच. एके दिवशी सुवर्णानं त्यातली मूठभर फुलं उचलून त्याच्या नाकासमोर धरली. टपोरी, टणक, चांगली दसऱ्याला शोभणारी फुलं.

"ह्यात खराब काय हाय?"

"आतून हाय."

"आतून कसं दिसतं तुला?"

"मला दिसतं," तो म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

रंगूबाईनं दोघांकडं पाहिलं आणि पानाला चुना लावायला घेतला. तिला सगळं कळलं होतं. पोरगा आपल्यातलाच, मुंगसऱ्याच्या पुढं त्याचा मळा, आईबाप कष्टाळू, एकुलता एक. मनातल्या मनात तिनं सोयरिक जोडूनही टाकली होती.

भारत तिथं टेकायला लागला, मग ओवायला शिकला. त्याची बोटं जाड होती, पण चपळ. रोज पहाटे फुलं खुडणारा हात, त्याला फुलाचा देठ कुठं मऊ आणि कुठं निबर हे बघावं लागत नव्हतं. झेंडूच्या रसानं त्याच्या अंगठ्याचं नख कायमचं पिवळं झालं होतं. हाराला हार लागायचा, बोलण्याला बोलणं लागायचं. पुढ्यातून तिरडी गेली की तिघंही उठून उभे राहायचे, हात जोडायचे आणि परत बसून सुई उचलायचे.

एकदा एक म्हातारा एकटाच आला. मागं कोणी नाही, पुढं कोणी नाही. त्याला बायकोसाठी हार पाहिजे होता. हार हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला आणि मग चाचरत म्हणाला, "ह्यात गुलाब नसतो का? तिला गुलाब आवडायचा. मी कधी आणला नाय." सुवर्णा काही बोलायच्या आत भारत उठला आणि बाजाराच्या दिशेनं पळत सुटला. परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि हातात लाल गुलाबांची जुडी होती. त्यानं स्वतः ते गुलाब हारात ओवले. काटा लागून त्याच्या बोटातून रक्त आलं, ते त्यानं शर्टाला पुसलं. म्हातारा गेला. सुवर्णाला रडू आलं. ते लपवायला तिनं तोंड फिरवलं खरं, पण त्या दिवशी तिचं ठरलं. मरेस्तोवर कोणाबरोबर राहायचं झालं तर ह्याच माणसाबरोबर.

बोलायला त्याला आणखी बरेच दिवस लागले. संक्रांत झाल्यावर एकदा सुतळी कापता कापता म्हणाला, "आमच्याकडंबी फुलंच हायेत. मयताची नाय, पण फुलंच."

"विचारू राहिला का सांगू राहिला?"

"विचारू राहिलो."

"मंग आईबापाला घेऊन ये," सुवर्णा म्हणाली.

धोंडीराम आणि बायडाबाई आले. धोंडीरामनं धुवट टोपी घातली होती, बायडाबाईनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. गोटीरामनं त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. गोटीरामची पाठ फवारणीच्या पंपानं कायमची वाकली होती. उभं राहून बोलताना तो समोरच्याच्या छातीकडं बघायचा. मान वर करायला त्याला त्रास व्हायचा.

"पोरगं काय करतं?" त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

"आता पाव्हणं, तुम्हाला काय सांगायचं," धोंडीराम म्हणाला. "तुमच्यासारखंच. मळा हाय, विहीर हाय, फुलं हायेत."

"माझ्यासारखंच," गोटीराम म्हणाला. "तेच तं नको हाय मला."

गोटीरामनं आपली पाठ धोंडीरामकडं वळवली. "ही बघा. उभ्या हयातीत ही सरळ नाय झाली. हिच्या आईचीबी तीच गत. मी मातीत राहिलो, पण पोरगी मातीत देणार नाय. सातपूरला, अंबडला कुठं कंपनीत असता, तं आत्ता सुपारी फोडली असती."

"आन् आमच्यासारख्याच्या पोरांनी काय करायचं मंग?" बायडाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सगळ्यांनी कंपन्यांतच लागायचं, तं फुलं कोण लावणार?"

"लावतील कोणीबी. माझा जावई नाय लावणार."

रंगूबाई आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली. घरी आलेली बाई तशीच कशी जाईल? पण गोटीरामनं हातानंच तिला थांबवलं. सोयरिक होणार नाही तर उगाच नातं कशाला लावायचं, असं त्याच्या मनात असेल. रंगूबाई करंडा हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. बायडाबाईनं ते पाहिलं. कोऱ्या कपाळानं ती उठली आणि वहाणा घालताना तिला वहाण सापडेना, कारण डोळे भरले होते. सुवर्णा चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती.

आजकाल नाशकाच्या चहूबाजूंनी एक नवीनच रीत पडली आहे. पोरगं मळ्यात राबतं तोवर त्याला कोणी मुलगी देत नाही. मग ते सातपूरला नाहीतर ओझरकडं कुठंतरी चिकटतं, गळ्यात ओळखपत्राची नाडी अडकवतं, सोयरिक जमते, अक्षता पडतात आणि वर्षभरात गडी नोकरी सोडून पुन्हा आपल्या मळ्यात. मुलीच्या बापालाही हे माहीत असतं. पण लग्नाच्या दिवशी जावई नोकरीवाला आहे एवढं सांगता आलं की त्याचं समाधान होतं. लोक हसत हसत याला लग्नापुरती नोकरी म्हणतात. गावोगावी अशी पोरं आहेत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

सुवर्णानंच भारतला हे सुचवलं. ताडपत्रीखाली बसून, हार ओवता ओवता.

"लाग की कुठंतरी. वर्षभर. लग्न झालं की सोड."

"मला नाय जमायचं ते. छपराखाली दम कोंडतो माझा."

"माझ्यासाठीबी नाय का?"

सुईत दोरा ओवताना त्याचा हात थांबला. मग म्हणाला, "तू म्हणतेस तं लागतो."

होळीनंतर तो सातपूरला एका पत्र्याच्या शेडमध्ये लागला. दिनेश नावाच्या ठेकेदाराकडं, प्रेस मशीनवर हेल्पर म्हणून. गोटीराम एके दिवशी कोणाला न सांगता बसनं सातपूरला गेला आणि शेडच्या गेटसमोर झाडाखाली उभा राहिला. शिफ्ट सुटली, माणसं बाहेर पडली, त्यात भारत दिसला. गळ्यात कार्ड, खांद्याला डबा. गोटीरामनं पुढं होऊन ते कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, फोटो आणि चेहरा पडताळला आणि म्हणाला, "बरं हाय." बाकीचे कामगार बघत होते. भारतनं मान खाली घातली आणि सासरा होऊ घातलेल्या माणसाच्या पाया पडला.

अक्षय्य तृतीयेला सुपारी फुटली. ह्या वेळी रंगूबाईनं बायडाबाईला कपाळभर कुंकू लावलं. तुळशीचं लग्न झाल्यावर लग्न धरायचं ठरलं.

भारत आता ताडपत्रीखाली सुट्टीच्याच दिवशी यायचा. आला की कॅरेटला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. झेंडूचा वास जाऊन त्याच्या अंगाला तेलाचा वास यायला लागला होता. त्यानं हार उचलला की पाकळ्यांवर काळे ठसे उमटायचे. "हात नको लावू रे, डाग पडू राहिले," सुवर्णा म्हणायची आणि तो हात मागं घ्यायचा. एवढासा शब्द, पण तोंडातून गेला की तिला नंतर दिवसभर चैन पडायचं नाही.

"भीती नाय ना वाटत मशीनची?" तिनं एकदा विचारलं.

"नाय गं. दोन बटणं असतात. दोन हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येतो. मंग हात आत राहीलच कसा?" मग हसून म्हणाला, "ठेकेदार म्हणतो, एका बटणात काडी खोचून ठेवा. एका हातानं पत्रा सरकवायचा, एका हातानं दाबायचं. काम दुप्पट निघतं."

"तू नाय ना खोचत?"

"मी कशाला?"

तो तेव्हा खरंच खोचत नव्हता. पण आषाढात लग्नपत्रिकेचा विषय निघाला. गोटीराम म्हणाला, "पत्रिकेत पोराच्या नावाखाली काय लावायचं? हेल्पर? पाव्हण्यांत हसं होईल. लग्नाआधी ऑपरेटर व्हायला सांगा त्याला." निरोप सुवर्णानंच पोचवला. सहज, हसत. भारतही हसला. दिनेश त्यांनाच ऑपरेटर करायचा ज्यांचं काम जास्त निघतं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी सुवर्णा हार ओवत होती. फोन वाजला. भारतच्या बरोबरचा कोणी होता, नावही सांगितलं नाही. "भारतचा हात गेला प्रेसमध्ये," तो म्हणाला. "दवाखान्यात नेलं." समोर गिऱ्हाईक उभं होतं, रडून डोळे सुजलेली एक बाई. सुवर्णानं तिला हार दिला, नीट गुंडाळून दिला आणि मग ती उठली. पायात चपला नव्हत्या हे तिला रिक्षात बसल्यावर कळलं.

उजव्या हाताचा अंगठा राहिला होता. बाकीची चार बोटं गेली होती.

दवाखान्याच्या दारात बायडाबाई बसली होती. सुवर्णाला बघून ती उठली नाही. "ये," ती म्हणाली. "बघ डोळे भरून. झाला बघ तुझा नोकरीवाला." सुवर्णा तिच्या पायाशी बसली. बायडाबाईनं तिला ढकललंही नाही, जवळही घेतलं नाही.

भारत खाटेवर होता. हाताचं भलंमोठं गाठोडं पोटावर ठेवलेलं. त्यानं बराच वेळ छताकडं बघितलं. मग म्हणाला, "काडी खोचली होती मी."

"बोलू नको आता."

"सगळेच खोचत होते. दिनेश स्वतः काड्यांची पेटी घेऊन फिरायचा. मी शेवटी लागलो खोचायला." त्यानं तिच्याकडं मान वळवली. डोळे कोरडे होते. "तू म्हणाली म्हणून गेलो मी तिथं."

त्यानं खोटं सांगितलं असतं तर सुवर्णा भांडली असती. पण तो खरं बोलत होता, आणि तिनं ते ऐकून घेतलं.

गोटीराम भेटून आला, केळी ठेवून आला आणि घरी येऊन म्हणाला, "मोडलं म्हणून समज." रंगूबाई म्हणाली, "आपणच पाठवला त्याला." गोटीराम म्हणाला, "मी नोकरी कर म्हणलो, हात घाल नाय म्हणलो." आणि तो मळ्यात निघून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. तो दगड नव्हता. पण आयुष्यात त्यानं एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही अशी निसटल्यावर त्याला रागाशिवाय दुसरं काही सुचेना.

पंधरवड्यानं वारं फिरलं. शेडवर चौकशीला सरकारी साहेब येणार होता आणि दिनेशला घाम फुटला होता. तो स्वतः गाडी घेऊन धोंडीरामच्या मळ्यावर आला. भारतनं साहेबासमोर एवढंच सांगायचं, की काडी मी माझ्या मनानं खोचली, मला कोणी सांगितलं नव्हतं. तसं सांगितलं तर गेटवर वॉचमनची नोकरी, कायमची, तिथंच. नाही सांगितलं तर आमचा तुमचा संबंध संपला.

ही बातमी गोटीरामच्या कानावर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. "कायमची म्हणतो ना? मंग काय हरकत हाय? खुर्चीवर बसायचं, अंगठ्यानं वही धरता येती. पत्रिकेत कंपनीचं नाव लावता येईल." मग सुवर्णाकडं वळला. "तो आढेवेढे घेऊ राहिला म्हणे. तू जा आन् सांग त्याला. तुझं ऐकतो तो."

"माझं ऐकतो," सुवर्णा म्हणाली. "हो."

ती मुंगसऱ्याला गेली. गणपतीचे दिवस जवळ आले होते, मळा पिवळाधमक फुलला होता आणि खुडायला माणसं नव्हती. बायडाबाई एका ओळीत, धोंडीराम दुसऱ्या ओळीत. भारत विहिरीच्या कठड्यावर बसला होता. उजवा हात टॉवेलात गुंडाळून मांडीखाली दाबलेला. कोणी आलं की तो हात असा दडवायचा, हे बायडाबाईनं तिला येता येता ओळीतूनच सांगितलं होतं.

"बापानं पाठवली ना?" भारत म्हणाला.

"हो."

"मला माहीत होतं. मी तुझीच वाट बघू राहिलो." तो भराभर बोलायला लागला. "मी ठरवून ठेवलंय. तू फक्त म्हण. तू म्हणालीस तं मी उद्या जाऊन साहेबाला सांगतो, माझीच चूक म्हणून. तसंबी काडी माझ्याच हातानं खोचली ना? गेटवर बसतो जन्मभर. लग्न होईल आपलं. तू म्हण फक्त."

सुवर्णानं खाली बघितलं. म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि बाप खूष, मांडव उभा राहील, पत्रिका छापल्या जातील. रोज सकाळी हा माणूस त्याच शेडच्या दारात बसेल, आतून त्याच प्रेसचा आवाज येईल, आणि ज्यानं त्याचा हात घेतला त्याला उठून सलाम ठोकेल. तिनं म्हटलं म्हणून.

"मी नाय म्हणणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काडी कोणी खोचायला लावली?"

"त्यानंच."

"मंग तेच सांग."

"अगं, तेच सांगितलं तं नोकरी गेली. नोकरी गेली तं तुझा बाप..."

"जाऊ दे."

भारतला राग आला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "म्हणजे तुला मोडायचंय! सरळ सांग ना. हा असला हात बघून जीव उडाला तुझा, तं सांग तसं. मी काय मरणार नाय."

"दाखव हात."

"काय?"

"टॉवेल काढ. मी बघितला नाय अजून."

तो काढेना. तिनं स्वतःच त्याचा हात मांडीखालून ओढून काढला आणि टॉवेल सोडला. जखम भरत आली होती. बोटांच्या जागी लालसर, ताणलेली कातडी आणि टाक्यांच्या खुणा. बाजूला अंगठा एकटाच, आणि त्याचं नख अजून पिवळं होतं. तिनं डोळे मिटले नाहीत. तो हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

"तू म्हणाला होता ते खरं हाय," ती हुंदके देत म्हणाली. "माझ्यामुळं गेली ही. मी म्हणले म्हणून तू गेला. ते मला जन्मभर पुरंल. आता परत तेच म्हणू का? परत जा त्या शेडात, माझ्यासाठी जा, म्हणू? जीव उडाला असता तं म्हणले असते. मला काय, लग्न होऊन गेलं असतं."

भारतचा राग उतरला. तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. ओळीतून बायडाबाईनं मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

"कशी राहशील तू माझ्याबरोबर?" तो म्हणाला. "खुडता येत नाय मला. डाव्या हातानं करून बघितलं, निम्मी फुलं चिरडतात."

"मंग शीक. मी येईन तवर शीक."

"आन् बाप?"

"आला तं आला," सुवर्णा म्हणाली. तिनं पाटी उचलली आणि बायडाबाईच्या शेजारच्या ओळीत जाऊन खुडायला लागली. दिवस कलायला लागला तेव्हा बायडाबाईनं आपल्या पदरातली अर्धी भाकरी मोडून सुवर्णाच्या हातावर ठेवली.

भारतनं साहेबाला खरं ते सांगितलं. दिनेशनं कानावर हात ठेवले, बाकीचे कामगार जमिनीकडं बघत राहिले आणि चौकशी पुढं ढकलली गेली. ती अजून चालू आहे. गोटीरामला हे कळलं तेव्हा त्यानं सुवर्णाच्या थोबाडीत मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग तोच हात बराच वेळ मांडीवर ठेवून बसला. "त्या घराचं नाव माझ्यापुढं काढायचं नाय," तो म्हणाला. "जाणार असंल तं इथून कोणी येणार नाय."

"मी जाणार," रंगूबाई म्हणाली. "परत आल्यावर घरात घेतलं नाय तं ताडपत्रीखाली राहीन. मला काय, तिथं सवय हाय."

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर भारतच्याच मळ्यात, विहिरीजवळ लग्न ठरलं. पत्रिका छापल्या नाहीत. आदल्या दिवशी रंगूबाईनं एकटीनं लेकीला हळद लावली, गाणी म्हणायला बायका नव्हत्या म्हणून स्वतःच दोन ओळी पुटपुटली आणि तिला पुढचं आठवेना.

लग्नाच्या सकाळी गोटीराम नेहमीसारखा मळ्यात गेला. थंडी पडली होती, झेंडूच्या पानांवर दव होतं. रिक्षा रस्त्यावर येऊन उभी राहिली. रंगूबाई पिशव्या घेऊन पुढं गेली. सुवर्णा बांधावर थांबली. बाप मान वर करेल म्हणून तिनं वाट पाहिली. तो खुडत होता. दवानं त्याची बाही कोपरापर्यंत भिजली होती.

तिनं चपला काढल्या, नवं पातळ वर खोचलं, पाटी घेतली आणि त्याच्या समोरच्या ओळीत शिरली. दोघं समोरासमोर खुडत पुढं सरकू लागले. तिच्या हळदीच्या हातांवर दव लागून पिवळं पाणी मनगटावरून ओघळत होतं. गोटीरामला ते दिसत होतं. वाकलेल्या माणसाला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"त्याला खुडता येतं का?" अर्ध्या ओळीवर त्यानं विचारलं. मान वर केली नाही.

"येतं. डाव्या हातानं."

"किती?"

"तुमच्या निम्मं."

गोटीरामनं मूठभर फुलं पाटीत टाकली. मग म्हणाला, "मंग दोघांचं तुलाच खुडावं लागंल."

"खुडीन."

ओळ संपली. तिनं भरलेली पाटी त्याच्या पाटीशेजारी नेऊन ठेवली. त्याच्या पायाला हात लावला. तो मागं सरकला नाही.

"नाना, येते."

घरातून निघणाऱ्या माणसाला 'ये' म्हणतात. परका निघाला तरी म्हणतात. गोटीरामनं तोंड उघडलं, पण रस्त्यावरून रंगूबाईची हाक आली, आणि सुवर्णा चपला हातात घेऊन निघाली.